लग्नाचा केक पहिल्या वाढदिवसापर्यंत टिकवताना: गोव्यातल्या घरांसाठी

गोव्यात लग्न डिसेंबरात होवो की मे महिन्यात, पहिल्या वाढदिवसासाठी जपून ठेवलेल्या केकला मधला एक अख्खा पावसाळा काढावाच लागतो. केक बिघडतो तो बहुतेक याच काळात. हवा दमट असते, वीज जाते आणि मासेमारीबंदीच्या तोंडावर फ्रीजर बांगड्या-सुंगटांनी गच्च भरलेला असतो. या तिन्हींची सोय आधी लावली तर केक टिकतो. लग्नाच्या रात्री घाईघाईत डब्यात कोंबून फ्रीजरमध्ये ढकललेला केक वर्षाने उघडला की बर्फाने माखलेला, कोरडा आणि मासळीच्या वासाचा निघतो.

ही प्रथा मूळ इंग्लंडची. तिथे केकचा सगळ्यात वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवत, पुढे तो लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला कापायची रीत पडली. पण तो केक सुक्या मेव्याचा, ब्रँडीत मुरलेला, बदामाच्या मार्झिपानने आणि कडक साखरेच्या आयसिंगने बंद केलेला असे, म्हणून डब्यातही टिके. आज आपल्याकडच्या रिसेप्शनला येणारा केक बहुधा व्हॅनिला किंवा चॉकलेट स्पंजचा आणि क्रीमचा असतो. त्याला जुन्या केकचे नियम लावून चालत नाही.

केक सांगतानाच ठरवा

टिकवायचा विचार लग्नानंतर नाही, केकची ऑर्डर देताना करायचा. बेकरीवाल्याला किंवा घरून केक करणाऱ्या बाईंना पहिला प्रश्न हा विचारा: यातला खरा केक कुठला? तीन-चार मजली केकमध्ये काही मजले थर्माकोलचे असतात, त्यावर फक्त आयसिंग चढवलेले असते. फोटोत फरक कळत नाही. वरचा मजला जपायचा बेत असेल आणि नेमका तोच थर्माकोलचा असेल, तर हे लग्नाच्या रात्री कळून उपयोग नाही.

मग आत काय भरणार ते विचारा. ताजी फळे, कस्टर्ड, चीज क्रीम यांपैकी काही असेल तर टिकवायच्या मजल्यात ते घालू नका असे स्पष्ट सांगा. त्या मजल्याखाली स्वतंत्र पातळ बोर्डही मागा, म्हणजे सुरीने आयसिंग न फाटता मजला अख्खा उचलता येईल. आत आधाराच्या काड्या किंवा स्ट्रॉ घातल्या असतील तर किती, तेही विचारून ठेवा. गोठवण्याआधी त्या मोजून काढायच्या असतात.

याहूनही सोपा आणि आमच्या मते सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याच घाण्यातला ४ किंवा ६ इंची एक साधा केक, आयसिंग न करता, वेगळा बनवून घेणे. तो रिसेप्शनच्या उकाड्यात उभा राहत नाही, त्याच्यावर फुले खोचली जात नाहीत, दहा हात लागत नाहीत, आणि गुंडाळायलाही सोपा. वर्षाने त्याच्यावर ताजे आयसिंग करून घ्यायचे. चव तीच आणि दिसायला नवा. अख्खा वरचा मजला ठेवण्याचा हट्ट फोटोसाठी असेल तर गोष्ट वेगळी.

कुठला केक किती टिकतो

सुक्या मेव्याचा, रममध्ये मुरवलेला केक वर्षभर निर्धास्त ठेवावा. त्यात साखर, फॅट आणि मद्य जास्त आणि मोकळे पाणी कमी असते. बुरशीला आणि जंतूंना वाढायला पाणी लागते, ते तिथे मिळत नाही. त्यावरचे मार्झिपान, मग ते बदामाचे असो की आपल्याकडचे काजूचे, फ्रीजरमध्ये छान राहते.

बटर केक, चॉकलेट केक आणि गाजर केक यांत फॅट भरपूर असते, त्यामुळे नीट गुंडाळले तर वर्षाने थोडे कोरडे, पण खाण्याजोगे निघतात. हलका स्पंज दोन-तीन महिन्यांपर्यंतच उत्तम. वर्षाने तो सुरक्षित असला तरी भुसभुशीत लागतो. अंडे न घातलेला कंडेन्स्ड मिल्कचा केक बाहेर काढल्यावर जास्त चुरतो, तेव्हा त्याला गुंडाळण्यात जास्त जपा आणि वाढताना पाक लावायची तयारी ठेवा. रवा आणि नारळाचा बात्क वर्षभरासाठी ठेवू नका. नारळाचा ओलावा आणि तेल दोन्ही त्याच्या विरोधात जातात.

आयसिंगचे म्हणाल तर बटरक्रीम आणि चॉकलेट गनाश उत्तम गोठतात. बहुतेक केकवाल्यांकडे असते ते वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम, तेही चांगले टिकते. दुधाच्या खऱ्या क्रीमचा आकार बसतो आणि पाणी सुटते. चीज क्रीम दाणेदार होते, कस्टर्डला पाणी सुटते, स्ट्रॉबेरी-आंबा यांचा लगदा होतो, कारण बर्फाचे कण फळाच्या पेशी फाडतात. फॉन्डंट, म्हणजे केकवर पोळीसारखे लाटून चढवलेले साखरेचे आवरण, गोठताना काही करत नाही, बाहेर काढताना घामेजते. त्याच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आधी फ्रीजर तपासा

वर्षभरासाठी उणे १८ अंश सेल्सियस तापमान हवे. फ्रीजरमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो. तो दोन गोठलेल्या पाकिटांमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी आकडा बघा. थर्मामीटर नसेल तर आइस्क्रीमचा डबा बघा. दगडासारखे कडक असेल तर ठीक, चमचा सहज जात असेल तर तुमचा फ्रीजर पुरेसा थंड नाही.

एका दाराच्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा या कामाचा नाही. तो सहसा इतका थंड होत नाही. शिवाय बर्फ साचला की मधले बटण दाबून तो वितळवावा लागतो, आणि त्या प्रत्येक वेळी केक वितळून पुन्हा गोठतो. घरात असा फ्रीज असेल तर केक एका महिन्यात संपवा, किंवा दोन दारांचा फ्रीज वा डीप फ्रीजर असलेल्या नातेवाइकांकडे ठेवा. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही, कारण तो दिवसातून अधूनमधून आतली पट्टी थोडी गरम करतो आणि पंख्याने कोरडी हवा फिरवतो. ही कोरडी हवाच उघड्या केकमधला ओलावा खेचून घेते. केकवरचे पांढुरके, चामड्यासारखे डाग त्यातूनच येतात. म्हणून गुंडाळणे हे या कामातले सगळ्यात महत्त्वाचे पाऊल.

जागाही मोजा. ६ इंची मजला, ४ इंच उंची, खाली ८ इंची बोर्ड, वर गुंडाळण्याची जाडी, असे धरले तर निदान ९ इंच लांब-रुंद आणि ६ इंच उंच जागा लागते. लग्नाच्या आदल्या आठवड्यातच ती रिकामी करून ठेवा.

लग्नाच्या संध्याकाळी

घरातल्या एका विश्वासू माणसाला हे काम नेमून द्या: मावशी, वहिनी, कोणीही, फक्त नवरा-नवरी नको. त्या रात्री त्यांना कशाचेही भान नसते. त्या व्यक्तीने केक कापण्याचे फोटो झाले की टिकवायचा मजला लगेच उचलून एसी खोलीत किंवा फ्रीजमध्ये न्यावा. क्रीमचा केक उघड्या लॉनवर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हॉलवाल्याला फ्रीजची जागा आधीच विचारून ठेवा.

फ्रीजमध्ये मजला रात्रभर चालेल, त्याहून जास्त नको. थंड पण न गोठलेल्या तापमानात, म्हणजे साध्या फ्रीजच्या २ ते ५ अंशांत, स्पंज सगळ्यात लवकर शिळा होतो. पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि तुकडा कोरडा लागतो. दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलेला केक मग फ्रीजरमध्ये टाकला तर तुम्ही शिळा केकच वर्षभर जपता.

गुंडाळणे, पायरीपायरीने

लागणारे सामान: खाद्यपदार्थांसाठीची क्लिंग फिल्म, बटर पेपर, जाड फॉइल, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा किंवा मोठी झिप पिशवी, न पुसणारा मार्कर. म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा इथल्या बेकरी सामानाच्या दुकानांत हे सगळे मिळते.

१. खरी फुले, पाने, त्यांच्या तारा, टूथपिक, बाहुले, मणी, रिबिनी सगळे काढा. अबोली, मोगरा, गुलाब केकवर सुंदर दिसतात, पण ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात. त्यांच्या देठाला लागलेला भाग चमचाभर कोरून टाकून द्या. आधाराच्या काड्या मोजून काढा.

२. पुठ्ठ्याचा बोर्ड असेल तर तो फॉइलने गुंडाळून घ्या. पुठ्ठा ओल आणि वास दोन्ही शोषतो.

३. केक उघडाच फ्रीजरमध्ये ठेवा, बटरक्रीमचा दोन तास, व्हिपिंग क्रीमचा चार तास. आयसिंग बोटाला चिकटेनासे झाले की बाहेर काढा. ही पायरी गाळली तर क्लिंग फिल्म आयसिंगमध्ये रुतते. जास्त वेळ ठेवला तर पृष्ठभाग वाळतो, म्हणून घड्याळ लावा. आयसिंग नसलेल्या केकला ही पायरी लागत नाही, तो फक्त पूर्ण निवलेला हवा. कोमट केक गुंडाळला तर वाफ आत अडकते आणि तिचा बर्फ होतो.

४. क्लिंग फिल्मचे तीन थर द्या: एक आडवा, एक उभा, एक तिरका. बोर्डाच्या खालूनही. हवेचे फुगे हाताने दाबत बाहेर काढा. कापलेली बाजू असेल तर फिल्म तिथे अगदी चिकटून बसली पाहिजे.

५. वर फॉइलचे दोन थर, कडा दुमडून बंद. फ्रूट केकला मात्र क्लिंग फिल्मच्या जागी आधी बटर पेपर घाला, मग फॉइल. फळांची आंबटता आणि मद्य फॉइलला थेट लागले तर त्याला बारीक भोके पडतात.

६. हे पाकीट डब्यात किंवा झिप पिशवीत घाला. डब्यात मोकळी जागा उरली तर चुरगाळलेला बटर पेपर भरा.

७. वर लिहा: कसला केक, अंडे आहे की नाही, मद्य आहे की नाही, कधी ठेवला, कधी काढायचा. आणि मोठ्या अक्षरांत, हात लावू नये. मधल्या गणपतीत किंवा नाताळात पाहुण्यांसाठी आइस्क्रीम शोधताना हा डबा उघडला जातो, तो यानेच वाचतो.

डबा फ्रीजरच्या तळाशी, मागच्या बाजूला ठेवा. दाराजवळ तापमान सारखे वरखाली होते आणि त्यातूनच बर्फाचे मोठे कण बनतात.

मासळी आणि पावसाळा

लोणी आणि क्रीम वास झटकन धरतात. ज्या कप्प्यात इसवणाचे तुकडे, सुंगटां, चोरिस (गोव्यातले मसालेदार सॉसेज) ठेवता तिथे केक ठेवू नका. एकच कप्पा असेल तर मासळी घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून वास येतोच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या आधी फ्रीजर भरायची सवय असेल तर मे महिन्यातच केकचा डबा काढून वर आणखी एक झिप पिशवी चढवा. आणि एका वेळी पाच किलो ताजी मासळी आत ढकलू नका. तेवढी मासळी गोठेपर्यंत फ्रीजरचे तापमान वर चढते आणि शेजारच्या केकची बाहेरची कड सैल होते.

वळिवाच्या वादळांत आणि जूनच्या पहिल्या पावसात वीज जाते तेव्हा फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर न उघडल्यास साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंड धरतो. म्हणून मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा. बाटली तीनचतुर्थांशच भरा, पाणी गोठताना फुगते.

लग्नानंतर मधुचंद्राला किंवा दोघे कामासाठी बाहेरगावी असताना वीज किती वेळ गेली होती ते कळायला एक साधी युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवा, त्यावर एक नाणे ठेवा आणि वाटी केकशेजारी ठेवून द्या. परत आल्यावर नाणे वरच असेल तर सगळे ठीक. मध्यावर बुडून गोठले असेल तर अर्धवट वितळले होते. तळाला गेले असेल तर सगळे वितळून पुन्हा गोठले आहे.

वितळलेल्या केकचे काय करायचे? आत अजून बर्फाचे कण असतील, केक फ्रीजइतका गार असेल, तर पुन्हा गोठवता येतो, फक्त पोत थोडा उतरतो. क्रीमचा केक पूर्ण वितळून दोन तासांपेक्षा जास्त कोमट राहिला असेल तर टाकून द्या. वासावरून, चवीवरून ठरवू नका, सगळे जंतू वास देत नाहीत. मद्यात मुरलेला, क्रीम नसलेला फ्रूट केक अशा प्रसंगातून सुखरूप निघतो.

फ्रीजरशिवाय, डब्यात

हे फक्त फ्रूट केकसाठी, तोही मद्य घातलेला आणि आयसिंग न केलेला. मद्याऐवजी संत्र्याच्या रसात मेवा भिजवला असेल तर तो केक फ्रीजरमध्येच ठेवा.

पातळ सुईने किंवा सळीने वर १५-२० भोके करा. ६ इंची केकला एका वेळी एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली रम किंवा ब्रँडी थेंबाथेंबाने घाला. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी, नंतर दीड महिन्यातून एकदा. प्रत्येक वेळी केक उलटा करा, म्हणजे दोन्ही बाजूंना पोचते. जास्त प्रेमाने ओतलेली रम केक ओलागच्च करते आणि तो कापताना तुटतो. काजूची फेणी चालते, पण तिचा वास मेव्यावर मात करतो. ज्यांना फेणी मनापासून आवडते त्यांनीच घालावी. उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू, मात्र नको, त्यात मद्याचे प्रमाण कमी असते.

बटर पेपरचे दोन थर, फॉइलचे दोन थर, मग पत्र्याचा डबा, झाकणाच्या कडेला टेप. टेप मुंग्यांसाठी, आणि गोव्यात ती हवीच. डबा फ्रीजच्या वर किंवा गॅसजवळच्या फडताळात ठेवू नका, तिथे ऊब असते. मे संपता संपता हा डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हलवा आणि सप्टेंबरनंतरच बाहेर काढा. स्पंजसारखा हा केक फ्रीजमध्ये शिळा होत नाही. बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून उरलेला खाऊ नका. तंतू आत पसरलेले असतात, सगळा टाका.

बाहेर काढायचा दिवस

संध्याकाळी सातला कापायचा असेल तर आदल्या संध्याकाळी सातला डबा फ्रीजरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणा. आवरण काढू नका. बाहेरच्या दमट हवेतले पाणी गार पृष्ठभागावर जमणारच, ते फॉइलवर जमू दे, आयसिंगवर नको. ६ इंची मजल्याला २४ तास पुरतात, ८ इंचीला ३६ धरा.

फ्रूट केक दुपारी तीनला आवरणासकट खोलीत आणा आणि सहाला उघडा. क्रीमचा केक कापायच्या अर्धा-पाऊण तास आधी काढला तरी पुरे. वाढदिवस मे किंवा जुलैत येत असेल तर हे एसी लावलेल्या खोलीतच करा. फॉन्डंटचा केक प्लास्टिकच्या डब्यातून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा, पुठ्ठा ओल पितो. त्यावर पाणी चमकत असेल तर पुसू नका, बोट लावू नका. पंख्याच्या हवेत ते तासाभरात सुकते. गडद लाल, निळा, काळा रंग मात्र ओघळतो. असा केक असेल तर फॉन्डंट सोलून टाकून वर ताजे बटरक्रीम लावणे हाच उपाय. फ्रूट केकवरच्या साखरेच्या कडक आयसिंगला तडे गेले तर घाबरू नका, चवीला काही होत नाही.

स्पंज कोरडा वाटला तर ५० ग्रॅम साखर ५० मिली पाण्यात उकळून निववा, हवी तर चमचाभर रम किंवा संत्र्याचा रस घाला आणि कापलेल्या तुकड्यांच्या बाजूंना ब्रशने लावा. एका तुकड्याला चहाचा एक चमचा पुरतो.

पहिल्या वाढदिवसापर्यंत घरात बाळाची चाहूल लागलेली असू शकते. रम मुरवलेला केक किंवा कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे आयसिंग गरोदर सुनेला देऊ नका. तिच्यासाठी त्या दिवशी ताजा छोटा केक आणा.

केक माहेरी गोठवलेला असेल आणि जोडपे मुंबई किंवा बंगळूरला असेल, तर तो गोठलेलाच, आवरणासकट, नव्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या जेल पाकिटांमध्ये बसवून पाठवा. बाजारातून आणलेले मासळीचे खोके कितीही धुतले तरी वापरू नका. पोचल्यावर तो लगेच फ्रीजमध्ये वितळायला ठेवावा, पुन्हा फ्रीजरमध्ये नाही.

कापून उरलेला क्रीमचा केक झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. फ्रूट केकचा उरलेला तुकडा बटर पेपरमध्ये महिनाभर राहील.